तंबाखू ओढायचा पहिला पाइप घेताना: शंभर डॉलरच्या आत, फसगत न होता

माझा पहिला पाइप मी २४ डॉलरला घेतला. सोबत लाकडी स्टँड, मखमली पिशवी, दहा फिल्टर, धातूचं एक हत्यार आणि "अस्सल रोझवूड, हाताने कोरलेला" अशी चिठ्ठी. तंबाखू भरायच्या वाटीवर सिंहाचं तोंड. तिसऱ्याच दिवशी वाटीच्या बाहेरच्या वॉर्निशला फोड आले. प्रत्येक झुरक्याला दांडीतून गुडगुडीसारखा आवाज यायचा आणि जिभेचा शेंडा असा पोळला की दोन दिवस साधी आमटी झोंबत होती. मला वाटलं, दोष माझाच. मला ओढता येत नाही. नंतर अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरातल्या एका जुन्या तंबाखूच्या दुकानात तो पाइप घेऊन गेलो. तिथल्या वयस्कर गृहस्थांनी सिंहाकडे पाहिलंही नाही. त्यांनी एक पाइप क्लीनर, म्हणजे सुती धाग्याने मढवलेली बारीक लवचीक तार, घेतला आणि तोंडाच्या बाजूने आत सरकवला. तो अर्ध्यावर अडला. "भोक वाकडं पाडलंय," ते म्हणाले आणि पाइप माझ्या हातात परत दिला.

तेव्हापासून कुठलाही पाइप हातात आला की मी आधी भोक बघतो. धूर ज्या वाटेने येतो ती वाट सरळ, मोकळी आणि वाटीच्या अगदी तळाशी उघडणारी असली की दहा डॉलरचा पाइपही नीट ओढता येतो. ती वाट चुकली असेल तर तीनशे डॉलरचं लाकूडही उपयोगाचं नाही. बजेट कमी असेल तर पैसे कुठे घालायचे हे त्यावरून ठरतं.

१. आधी स्वतःला विचारा, मग खिशाला

पाइपमुळे कर्करोग होतो. ओठ, जीभ, घसा, स्वरयंत्र, फुप्फुस, यातलं काहीही. धूर छातीत घेत नाही म्हणजे सुटलो असं नाही. निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनही रक्तात उतरतं आणि सवय लावतं. तुम्ही आज कुठल्याच रूपात तंबाखू घेत नसाल तर कृपा करून सुरू करू नका. माझ्या धाकट्या भावालाही मी हेच सांगितलं. ज्यांनी पाइप घ्यायचा हे ठरवूनच टाकलं आहे त्यांच्यासाठी पुढचं सगळं आहे. अमेरिकेत खरेदीसाठी २१ वर्षं पूर्ण लागतात, भारतात १८. मी स्वतः आठवड्यातून एकदा, शनिवारी संध्याकाळी, मागच्या दाराच्या पायरीवर बसून ओढतो. मुलं घरात आहेत, त्यामुळे धूर आत येऊ देत नाही.

आता पैसे. शंभर डॉलर हाताशी असतील तर सगळे पाइपवर घालू नका. मक्याच्या कणसाचा पहिला पाइप १० ते २० डॉलर, लागणारं सामान १० ते १५, तंबाखू १५ ते २०. उरलेले पन्नासेक डॉलर पाकिटात घालून दोन महिने बाजूला ठेवा. दोन महिन्यांनी तुम्ही अजून ओढत असाल तर त्यातून ब्रायर नावाच्या लाकडाचा पाइप घ्या. सोडून दिलं असेल तर फारच चांगलं, पैसे आणि तब्येत दोन्ही वाचलं.

२. दुकानात बोलायला लागणारे चार शब्द

तंबाखू भरतात ती वाटी. दुकानदार तिला 'बोल' म्हणतील. वाटीतून निघते ती लाकडी दांडी, म्हणजे 'शँक'. तोंडात धरायचा काळा भाग म्हणजे 'स्टेम'. स्टेमची खुंटी दांडीच्या भोकात घट्ट बसते. वाटीचा आकार आणि दांडीचं वळण यावरून पाइपला नावं पडतात: सरळ भिंतींचा, सरळ दांडीचा तो बिलियर्ड; गोल गुबगुबीत तो ॲपल; वर रुंद, खाली निमुळता तो डब्लिन; दांडी खाली वळलेली असेल तर बेंट. सुरुवातीला सरळ बिलियर्डच घ्या. सरळ दांडीत भोक सरळ पाडणं कारागिराला सोपं जातं, त्यामुळे स्वस्तातही चुकण्याची शक्यता कमी. वळलेला पाइप दातांना हलका वाटतो हे खरं, पण त्याच्या कोपऱ्यात ओल साठते, आणि स्वस्त बेंटमध्ये क्लीनर अडतो.

३. पाइप कशाचा असावा

मुख्य लाकूड ब्रायर. भूमध्य समुद्राभोवती वाढणाऱ्या एका झुडपाच्या, एरिका आर्बोरियाच्या, मुळाशी जमिनीत मोठी गाठ धरते. ती खणून काढतात, कापून तासन्‌तास उकळतात आणि महिनोन्‌महिने सावलीत वाळवतात. हे लाकूड सहज जळत नाही आणि ओल शोषून घेतं. फ्रान्समधल्या ज्युरा डोंगराळ भागातलं सँ-क्लोद हे गाव एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ब्रायरच्या पाइपांसाठी ओळखलं जातं.

नाशपातीचं लाकूडही चालतं. पोलंडमधल्या प्शेमिशल शहरात नाशपातीचे पाइप बनतात, ते ब्रायरपेक्षा स्वस्त असतात. वापरायला बरे, पण जरा लवकर तापतात.

मीर्शाम हा पांढरा, हलका खनिज दगड. उत्तम माल तुर्कस्तानातल्या एस्किशेहिरच्या खाणींतला. पहिल्या खरेदीत याच्या वाटेला जाऊ नका. स्वस्तात मिळणारा बहुतेक वेळा दगडाचा चुरा दाबून केलेला असतो आणि पडला की फुटतो.

रोझवूड, एबनी, "दुर्मिळ जंगली लाकूड" असं लिहिलेलं दिसलं तर पुढे जा. ही लाकडं फर्निचरला छान. आत निखारा ठेवायला नाहीत. वाटीच्या आतली बाजू चकाकत असेल, म्हणजे रंग किंवा वॉर्निश आतपर्यंत आलं असेल, तर तो पाइप फुकट मिळाला तरी घेऊ नका. ते वॉर्निश जळून तुमच्या तोंडात येणार. आत धातूचं अस्तर असलेलेही टाळा. धातू तापतो आणि जीभ भाजते.

४. पहिला पाइप मक्याच्या कणसाचा घ्या

हे वाचून नाक मुरडू नका, मीही मुरडलं होतं. दाणे काढून उरतं ते बुरकुंड, आमच्या गावी चुलीत जायचं. त्याचा पाइप कोण घेणार?

सेंट लुइसपासून पश्चिमेला साधारण ८० किलोमीटरवर, मिझुरी नदीच्या काठी वॉशिंग्टन नावाचं छोटं गाव आहे. तिथे मिझुरी मीर्शाम कंपनी १८६९पासून कणसाचे पाइप बनवते. हेन्री टिबी हा हॉलंडहून आलेला लाकूडकाम करणारा कारागीर. गावातल्या एका शेतकऱ्याला कणसाचे पाइप लेथवर कातून हवे होते, त्यातून हा धंदा उभा राहिला. कणसाच्या बाहेरच्या खळग्यांत प्लास्टर ऑफ पॅरिस भरून गुळगुळीत करायच्या रीतीचं पेटंट टिबीला १८७८मध्ये मिळालं. साधं मक्याचं कणीस या कामाला पुरत नाही. जाड, घट्ट बुरकुंडाचं वेगळं वाण त्यासाठी लावतात आणि कणसं दोनेक वर्षं वाळवतात. दुसऱ्या महायुद्धातल्या जनरल मॅकआर्थरच्या फोटोंमधला तो उंच वाटीचा पाइप इथलाच. कारखान्याच्याच इमारतीत दुकान आणि छोटं संग्रहालय आहे. मी एका रविवारी गेलो आणि दुकान बंद पाहून परत आलो, तेव्हा निघण्याआधी वेळ बघा.

कणसाचा पाइप नवशिक्याला का बरा? एक, तो पहिल्या दिवसापासून गोड चालतो, मुरवावा लागत नाही. दोन, कणीस ओल शोषतं, त्यामुळे भरण्यात चूक झाली तरी गुडगुड कमी. तीन, हलका आहे, दातांत धरून जबडा दुखत नाही. चार, बिघडवलात तर दहा-पंधरा डॉलर गेले. या पाइपवरच चुका करायच्या आहेत.

दोन गोष्टी बघून घ्या. तळाला लाकडी बूच असलेलं मॉडेल निवडा. कंट्री जंटलमनला ते असतं. नुसत्या कणसाचा तळ वर्षभरात जळून जाऊ शकतो. दुसरं, वाटीत डोकावलं की लाकडी दांडीचं टोक थोडं आत आलेलं दिसेल. तो दोष नाही, रचनाच तशी आहे. पण ते लाकूड जळू नये म्हणून सुरुवातीचे काही दिवस शेवटच्या राखेपर्यंत ओढू नका. तळाचं थोडं सोडून द्या.

५. नवा ब्रायर निवडताना

दोन महिने झाले, पाकीट उघडलं. आता घाई करू नका, कारण सगळ्यात जास्त फसवणूक याच टप्प्यावर होते.

पहिली परीक्षा क्लीनरची. खिशात एक नवा पाइप क्लीनर ठेवा आणि दुकानदाराला विचारून तो स्टेमच्या टोकातून आत घाला. स्टेम न काढता तो वाटीत यायला हवा. अडला, फिरवून घालावा लागला, तर पाइप परत ठेवा. अपवाद एकच: काही पाइपांच्या दांडीत ओल साठवायला मुद्दाम खड्डा ठेवलेला असतो. आयर्लंडमधल्या डब्लिन शहरातल्या पीटरसन कंपनीचे सिस्टिम पाइप असे आहेत, त्याचं पेटंट १८९०चं. त्यात क्लीनर वाटीपर्यंत जात नाही आणि तो दोष नव्हे. पण ते आपल्या बजेटच्या बाहेर आहेत.

दुसरी परीक्षा डोळ्यांची. मोबाइलचा दिवा वाटीत टाका. भोक तळाच्या मधोमध उघडलेलं दिसायला हवं. ते भिंतीत वर असेल तर खालचा तंबाखू कधीच जळणार नाही, ओला लगदा होऊन बसेल. एका बाजूला सरकलेलं असेल तर निखारा वाकडा चालेल आणि एकच भिंत जळेल.

तिसरी, भिंतीची जाडी. अंगठा आत, तर्जनी बाहेर धरून वाटीभोवती फिरवा. सगळीकडे जाडी सारखी वाटायला हवी आणि सहा मिलिमीटरपेक्षा कमी नको. तळाचीही बघा. बाहेरून वाटीची उंची मोजा, मग आत काडी घालून खोली मोजा. दोन्हींतला फरक म्हणजे तळाची जाडी.

चौथी, मापं. वाटीची आतली रुंदी १८ ते २० मिलिमीटर, खोली ३५ ते ४०, हे नवख्याला सोयीचं. व्हर्नियर नसेल तर नाण्याने बघा. अमेरिकी डाइम अलगद आत जावं, क्वार्टर अजिबात जाऊ नये. वजन ५० ग्रॅमच्या आत. ऑनलाइन घेताना हे आकडे दिलेलेच नसतील तर त्या विक्रेत्याकडून घेऊ नका. ज्याला मापं सांगावीशी वाटत नाहीत तो फोटो विकतो आहे.

पाचवी, सांधा. स्टेम आणि दांडी यांच्यामध्ये उजेड दिसता कामा नये. स्टेम फिरवून काढा, पुन्हा घाला. फार सैल नको, जोर लावावा लागेल इतकं घट्टही नको.

आता लाकडाबद्दल. ब्रायरमध्ये वाळूचे कण, छोटे खड्डे असतातच. स्वस्त पाइपात ते लुकणाने बुजवतात. वाटीच्या बाहेर बारीक तपकिरी-गुलाबी ठिपके दिसतात ते हेच. बाहेरच्या अंगाला दोन-चार असतील तर काही बिघडत नाही. वाटीच्या आत किंवा काठावर असेल तर मात्र नको, तापून सुटतं.

पैसे वाचवायची इथे एक युक्ती आहे. त्याच कारखान्याचा, त्याच आकाराचा पाइप गुळगुळीत घेण्याऐवजी खडबडीत घ्या. पृष्ठभाग कोरून किंवा वाळूचा मारा करून खडबडीत केलेला असतो, कारण त्या लाकडावर दिसण्यातले दोष होते. भोक त्याच यंत्राने पाडलेलं असतं, लाकूड तितकंच चांगलं, आणि किंमत मात्र बरीच कमी. शिवाय खडबडीत वाटी हातात कमी गरम लागते. माझे तीनही ब्रायर खडबडीत आहेत आणि मला ते दिसायलाही आवडतात.

स्टेम दोन प्रकारचे. व्हल्कनाइट म्हणजे कडक रबर, ते दातांना मऊ लागतं, पण उन्हात ठेवलं की हिरवट-तपकिरी होतं. ॲक्रिलिक चकाकी टिकवतं, पण दातांखाली कडक. दोन्ही चालतात. मला व्हल्कनाइट बरं वाटतं. पाइप उन्हात ठेवला नाही की झालं.

नावांमध्ये अडकू नका, पण सुरुवात कुठून करायची म्हणून सांगतो. अमेरिकेत डॉ. ग्रॅबो हा उत्तर कॅरोलायनातल्या स्पार्टा गावचा साधा, कामाचा पाइप. इटलीतल्या सॅव्हिनेलीचा रोसी हा स्वस्त मालिकेतला ब्रायर चांगला. सँ-क्लोदचा शाकॉम कधी सवलतीत मिळतो. कुठलाही घेतलात तरी वरच्या पाचही परीक्षा कराच, कारण चांगल्या कारखान्यातूनही एखादा वाकड्या भोकाचा निसटतो.

६. की जुना घ्यावा?

कोणी तरी वापरलेला, विकायला काढलेला पाइप. अमेरिकेत त्याला 'इस्टेट पाइप' म्हणतात. तीस-चाळीस डॉलरमध्ये असा ब्रायर मिळू शकतो, जो नवा घ्यायला गेलात तर शंभरच्या वर जाईल. दुसऱ्याच्या तोंडातला पाइप, हा संकोच मलाही होता. आपल्याकडे उष्टं खात नाहीत, हे तर उघडच उष्टं. पण नीट धुऊन, दारूने निर्जंतुक केल्यावर माझं मन बसलं. तुमचं बसत नसेल तर नवाच घ्या, त्यात काही चूक नाही.

बघायच्या गोष्टी अशा. दांडीच्या तोंडाशी केसासारखी बारीक रेघ आहे का? ती तडा असते आणि वाढतच जाते, घेऊ नका. वाटीच्या आतल्या काजळीखाली भेगा आहेत का? काडीने भिंत हळू टोचा. मऊ लागली तर लाकूड आतून जळलं आहे, तो पाइप संपला. बाहेरून वाटीवर एकाच जागी काळा डाग दिसत असेल तर तेच. स्टेमवर दातांच्या खुणा चालतील, आरपार भोक पडलेलं चालणार नाही. काठ जळका असेल तर वरवरचं जळणं घासून जातं, पण काठाची गोलाई वाकडी झाली असेल तर पूर्वीच्या मालकाने लायटर तिरका धरून वर्षानुवर्षं एकच बाजू जाळली आहे. वास घ्या. उग्र अत्तरासारखा वास येत असेल तर तो महिनोन्‌महिने जात नाही.

साफ करायची रीत: आतला काजळीचा थर बोथट सुरीने हळूहळू खरवडून एक मिलिमीटरपर्यंत आणा. वाटीत कापूस भरा, दांडीत कापसाची वात घाला, आणि ड्रॉपरने उच्च टक्केवारीचा पिण्याजोगा धान्य-अल्कोहोल थेंब थेंब सोडा, कापूस भिजेपर्यंत. रात्रभर ठेवा. सकाळी कापूस तपकिरी झालेला असेल. दोन-तीनदा करा. बरेच लोक कापसाऐवजी मीठ भरतात. मी भरत नाही, कारण दांडीत अडकलेलं मीठ लाकडाला तडा देतं असं मला अनुभवी माणसांनी सांगितलं आहे. अल्कोहोल वाटीच्या बाहेर सांडू नका, पॉलिश निघतं. मग पाइप पाच-सहा दिवस उघड्यावर वाळू द्या.

हिरवट झालेला व्हल्कनाइट स्टेम टूथपेस्ट आणि जुन्या सुती कापडाने घासा, वेळ लागेल. शेवटी खाद्यतेलाचा एक थेंब चोळा. उकळत्या पाण्यात घालू नका. मी घातला आणि वाकलेला स्टेम सरळ झाला, सरळ होता तो वाकला.

७. फिल्टर

थोडक्यात: कणसाच्या पाइपात ६ मिलिमीटरचा कागदी फिल्टर बसतो. युरोपी, विशेषतः जर्मन पाइपांत ९ मिलिमीटरचा. फिल्टरने ओल कमी होते, पाइप आरोग्याला सुरक्षित होत नाही. ९ मिलिमीटरच्या पाइपात फिल्टर नसेल तर ती जागा रिकामी ठेवू नका, ओल साठते. त्यात बसणारी नळी मिळते. पहिला पाइप घेताना ६ मिलिमीटरवालाच घ्या, कारण त्यातला कागदी फिल्टर काढून टाकला तरी बहुतेक वेळा पाइप चालतो.

८. सामान

* तीन कामांचं छोटं हत्यार: दाबणी, टोचणी आणि चमचा. तीन ते पाच डॉलर. लायटरच्या मागच्या बाजूने दाबायला जाऊ नका, निखारा कपड्यावर पडतो.
* पाइप क्लीनर, शंभराचा गठ्ठा. सुती हवेत. मुलांच्या हस्तकलेच्या दुकानातले रंगीत क्लीनर घेऊ नका. ते कृत्रिम धाग्याचे असतात, ओल शोषत नाहीत आणि आत तंतू सोडतात.
* लाकडी काड्या किंवा मऊ ज्योतीचा लायटर. जेट ज्योतीचा सिगार लायटर नको, काठ जाळतो. काडी पेटवल्यावर गंधक जळू द्या, मग वाटीजवळ न्या.
* मातीची किंवा धातूची राखदाणी, आणि एखाद्या बुचाचा तुकडा. उलटी वाटी बुचावर आपटली की राख सुटते. टेबलाच्या काठावर आपटू नका. दांडी तुटते.

९. तंबाखू, भरणं आणि पेटवणं

चेरी, व्हॅनिला वगैरे वासांचा तंबाखू सुरुवातीला घेऊ नका. त्यात गोडवा आणि ओल भरपूर असते, धूर गरम आणि वाफाळ होतो, जीभ भाजते. बर्ली या जातीच्या तंबाखूचं साधं मिश्रण मागा. पाकीट उघडल्यावर चिमूट कागदावर पसरून अर्धा तास वाळू द्या. बोटाने दाबल्यावर चिकटला नाही की तयार.

काही तंबाखू दाबून चपट्या तुकड्यांत येतो. तो तळहातावर मळायचा. माझे आजोबा चंचीतून काढून चुन्याबरोबर मळायचे ती हालचाल मला आयती येत होती. फक्त इथे चुना नाही आणि जोर कमी.

भरताना तीन थर. पहिला लहान मुलाच्या हाताने दाबावा तसा, दुसरा बाईच्या, तिसरा पुरुषाच्या, अशी इथली म्हण. ओढून बघा, शीतपेयाच्या नळीतून ओढताना लागतो तितका विरोध लागायला हवा. पहिली काडी सगळीकडे गोल फिरवा, तंबाखू वर उचलेल, त्याला हलकं दाबा, मग दुसरी काडी. विझला तर पुन्हा पेटवा. विझणं म्हणजे हार नाही. चाळीस मिनिटांत चार-पाचदा पेटवावा लागतो. सगळ्यात मोठी चूक म्हणजे विझू नये म्हणून भराभरा ओढणं. वाटी गालाला लावून बघा. पोळली तर खाली ठेवा आणि थांबा.

डोकं गरगरलं, घाम सुटला, मळमळलं, तर तंबाखू लागला आहे. पाइप ठेवून द्या, थोडा गूळ किंवा साखर खा, पाणी प्या, आडवे व्हा. उपाशीपोटी कधीही ओढू नका.

१०. रोजची निगा

स्टेम गरम असताना काढू नका. लाकूड फुगलेलं असतं, खुंटी मोडते किंवा दांडी तडकते. मी हीच चूक करून पहिला ब्रायर घालवला, जेमतेम तिसऱ्या आठवड्यात. पूर्ण निवला की फिरवत काढा, क्लीनर घाला, दुसरा कोरडा घाला. पाण्याने धुऊ नका.

नव्या ब्रायरमध्ये पहिले दहा-बारा वेळा अर्धी वाटी भरा. आत काजळीचा पातळ थर धरू द्या. तो थर लाकडाला जपतो. तो एका नाण्याइतका जाड झाला की पुढे वाढू देऊ नका, जाड थर तापून फुगतो आणि वाटी फोडतो.

एकदा ओढला की किमान एक दिवस विश्रांती. ही अट जमत नसेल तर दुसरा कणसाचा पाइप घेऊन आलटून पालटून वापरा. महाग ब्रायर घेण्यापेक्षा ते स्वस्त.

भारतात नेणार असाल तर दोन गोष्टी. प्रवाशाला शुल्काशिवाय तंबाखू १२५ ग्रॅमपर्यंत आणता येतो. निघण्याआधी सीमाशुल्क विभागाचा चालू नियम पाहून घ्या. आणि २ ऑक्टोबर २००८पासून सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी आहे, तेव्हा रेल्वे स्थानकावर किंवा हॉटेलच्या लॉबीत पाइप बाहेर काढू नका.

पावसाळ्यात मात्र जरा जास्त काळजी घ्या. मी एकदा कणसाचा पाइप साताऱ्याला आईकडे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवला होता. ऑगस्टमध्ये उघडला तर वाटीत पांढरी बुरशी. तो फेकून दिला. तिथे आता मी पाइप कापडात गुंडाळून, दांडी वर, वाटी खाली, उघड्या फडताळात ठेवतो, आणि वाटीत सुती क्लीनर दुमडून घालून ठेवतो.